पन्नाशीला पंचविशीचं माप

फौजेत भेदभाव नसतो; मोजपट्टी सर्वांना एकच. ती कधी लावायची, एवढाच काय तो किरकोळ तपशील. महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. सरकार अपिलात गेलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितल्यावर मात्र कमालीच्या तत्परतेनं आरोग्य तपासणी निघाली. निकष ‘शेप-१’: मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता, डोळे, सगळं अव्वल हवं.

पुरुषांची ही परीक्षा नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षीच उरकलेली. पुढे गुडघा कुरकुरला तरी कमिशन शाबूत. बायकांचा नंबर लागला तो चाळिशी-पन्नाशीत, आणि माप लावलं पंचविशी-तिशीचं. उशीर केला सरकारनं, रक्तदाब मोजला बाईंचा!

मार्च २०२१ मध्ये, महिला अधिकाऱ्यांनी याविरुद्ध लढवलेल्या नितीशा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं या समतेला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवलं. आता एक सूचना: कमिशनच्या फायलींचीही दरवर्षी धावचाचणी घ्यावी. पाच किलोमीटर नको. या टेबलावरून त्या टेबलावर गेली तरी पास.