पाटी कुठे लावायची?

भावी अध्यक्ष : बाकी काहीही सांग. सेल्फी पॉइंट म्हण, बागेत बाकडी म्हण, 'आय लव्ह' अमुकगाव अशी लाल अक्षरं म्हण. पण हे नको.

बायको : का नको?

भावी अध्यक्ष : अगं, 1 जुलैला रोटरी क्लबात माझं वर्ष सुरू होतंय. प्रांतपाल येणार, गळ्यात कॉलर घालणार, टाळ्या पडणार, आणि मी माइकवर जाहीर काय करू? मुतारी?

बायको : 'स्वच्छतागृह' म्हणा. माइकवर सगळे तसंच म्हणतात.

भावी अध्यक्ष : आणि पाटी? पितळेची पाटी लागते. 'रोटेरियन अमुक तमुक यांच्या अध्यक्षीय कारकिर्दीत.' त्याखाली काय, बाण? पुरुष डावीकडे, स्त्रिया उजवीकडे?

बायको : बाण लागेलच. नाहीतर लोकांना वाटायचं, आत तुम्हीच बसलाय.

भावी अध्यक्ष : हसू नकोस. क्लबात हा विषय काढला तर वर्षभर मला त्याच नावानं हाक मारतील.

बायको : ज्यांनी क्लब काढला त्यांना नाही कुणी मारली.

भावी अध्यक्ष : कुणाला?

बायको : तुमच्या पॉल हॅरिसना. हजार डॉलर देऊन त्यांच्या नावाचा बिल्ला कोटाला लावता ना? 1905 साली शिकागोत चौघं जमले. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनियर आणि एक शिंपी. दोन वर्षांनी त्यांच्या क्लबानं पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं. कुठलं?

भावी अध्यक्ष : नेत्रशिबिर.

बायको : स्वच्छतागृह. सिटी हॉलजवळ.

भावी अध्यक्ष : काहीतरीच! कुणी सांगितलं तुला?

बायको : तुम्हीच आणता त्या रोटरीच्या अंकात होतं. कपाटात अंथरायच्या आधी मी वाचते.

भावी अध्यक्ष : शिकागोत थंडी फार. तिकडे गरज जास्त.

बायको : विरोधही जास्त झाला. बिअरवाल्यांचा संघ म्हणाला, पुरुषांची सोय आमच्या गुत्त्यांत आहे की. मोठे दुकानदार म्हणाले, बायकांची सोय आमच्या दुकानांत आहे. म्हणजे आधी बिअर घ्या, मग जा. आधी झगा घ्या, मग जा.

भावी अध्यक्ष : त्यांचं काय चुकलं? आपले हॉटेलवाले मेंबर परवा तेच म्हणाले. 'आमच्याकडे टॉयलेट आहे, आम्ही कुणाला नाही म्हणतो का?'

बायको : नाही म्हणत नाहीत. गल्ल्यावरून नुसते बघतात. तेवढं बघणं चुकवायला निदान एक मसाला डोसा खावा लागतो.

भावी अध्यक्ष : आणि आपले साडीवाले तर म्हणाले...

बायको : ते मूळचे शिकागोचेच असणार.

(इथे अध्यक्षांनी विषय पैशांवर नेला. कोपऱ्यात सापडलेला पदाधिकारी नेहमी तिकडेच पळतो.)

भावी अध्यक्ष : बरं, निधी कुठून आणायचा? माझी संगीत रजनी तर सेल्फी पॉइंटसाठी ठरलीय.

बायको : गेल्या वर्षीसारखीच? पास मेंबरांनीच घेतले, स्मरणिकेत जाहिराती मेंबरांच्याच दुकानांच्या. मग गाणाऱ्यांची बिदागी, हॉल, साउंड, रात्रीचं जेवण. हाती काय उरलं?

भावी अध्यक्ष : दोन व्हीलचेअर.

बायको : सरळ पासाचे पैसे एका डब्यात टाकले असते तर व्हीलचेअरची रांग लागली असती.

भावी अध्यक्ष : आणि गाणी कुणी ऐकली असती? फेलोशिप नावाची काही चीज असते. तुला ऊठसूट आम्हाला हिणवायचंच असतं. पोलिओ कुणी घालवला गं?

बायको : सरकारनं, डब्ल्यूएचओनं, युनिसेफनं, घरोघर डोस घेऊन फिरलेल्या बायकांनी. आणि रोटरीनं. तुमचा वाटा मोठा आहे, मी कुठे नाही म्हणते? 1985 साली सुरुवात केलीत. देशातली शेवटची रुग्ण हावड्याची एक लहान मुलगी, जानेवारी 2011. पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र आलं मार्च 2014 मध्ये. एवढ्या काळात एकेका क्लबात किती अध्यक्ष झाले?

भावी अध्यक्ष : दर वर्षी एक म्हणजे... एकोणतीस.

बायको : त्यातला एक तरी म्हणाला का, माझ्या वर्षात पोलिओ नको, त्याच्यावर पाटी कुठे लावू?

भावी अध्यक्ष : डोस तोंडात जातो. पाटी लावायला जागाच नाही.

बायको : म्हणून तर झालं ते काम.

भावी अध्यक्ष : म्हणजे आम्ही सगळं नावासाठी करतो? मीटिंगा, वर्गण्या, दुकान बंद ठेवून रक्तदान शिबिरात दिवसभर उभं राहायचं, हे नावासाठी?

बायको : रक्तदानाचं कुणी काही म्हटलं का?

भावी अध्यक्ष : म्हणत नाहीस, पण सूर तोच असतो.

बायको : मी मंगळवारच्या बाजाराबद्दल बोलतेय. आपली मेथीवाली पहाटे गावाहून निघते ती संध्याकाळच्या एसटीनं परत. दिवसभर पाणी पीत नाही. मी बाटली पुढे केली तर म्हणते, 'नको ताई, प्याल्यावर जायचं कुठं?' शेजारचा कांदेवाला भिंतीकडे तोंड करतो आणि मोकळा होतो. मुंबईत बायका 2011 पासून 'राइट टू पी' म्हणून भांडतायत, की पुरुषांना मुतारी फुकट आणि आमच्याकडून पैसे का? आपल्याकडे पैसे द्यायची तयारी असली तरी दार उघडं नाही.

भावी अध्यक्ष : मुंबईचं वेगळं असतं.

बायको : मूत्रपिंडं तीच असतात.

भावी अध्यक्ष : एवढं कळतंय तर तूच हो ना अध्यक्ष!

बायको : 1989 पर्यंत रोटरीच्या नियमानं बायकांना आतच घेत नव्हते. तेही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं कान धरल्यावर सुचलं.

भावी अध्यक्ष : आता घेतात ना?

बायको : घेतात की. आपल्या क्लबात चौघी आहेत. चौघींना मिळून रांगोळीची कमिटी दिलीय.

भावी अध्यक्ष : ती कमिटी मी केली नाही!

बायको : बदलणार आहात?

भावी अध्यक्ष : हे बघ, प्रत्येक गोष्टीत असं धारेवर धरणार असशील तर... जाऊ दे. बांधू. झालं समाधान? बांधू! नगरपालिकेकडे जागा मागतो. आराखडा आपला इंजिनियर मेंबर फुकट काढून देईल. पाटी दर्शनी भागात नको, जरा आडोशाला लावू. लोकार्पण प्रांतपालांच्या हस्ते. फीत कापल्यावर त्यांनी... आत जायचं असतं का गं?

बायको : नळाला पाणी असेल तर. पण बांधायचं कुणी म्हटलं?

भावी अध्यक्ष : म्हणजे? मघापासून काय चाललंय मग?

बायको : तुम्हीच 'नको, नको' म्हणत सुटलात. पुढचं ऐकलंत कुठे? बांधलेलं आहे. मंडईच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली. तुमच्याच क्लबानं बांधलंय. पितळेची पाटीसुद्धा आहे.

भावी अध्यक्ष : कुणाच्या वर्षातलं?

बायको : वर कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवलीय, नाव दिसत नाही. नुसतं उघडायचं, टाकी बसवायची आणि झाडणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला पगार द्यायचा. तुमचं वर्ष संपल्यावरही.

भावी अध्यक्ष : मग त्यात माझ्या वर्षाचं असं काय राहिलं?

बायको : झाडू.

भावी अध्यक्ष : अगं, अहवालात काय लिहू? 'दुसऱ्याच्या वर्षातलं कुलूप काढलं'?

बायको : त्याहून खरं वाक्य अजून कुठल्या अहवालात मी तरी वाचलेलं नाही.

भावी अध्यक्ष : पण कुलूप लावलं कुणी?

बायको : क्लबानंच. लोक घाण करतात म्हणून. चहावाला सांगत होता, लोकार्पणानंतर पंधरा दिवस उघडं होतं.

भावी अध्यक्ष : आणि किल्ली?

बायको : तेव्हाच्या अध्यक्षसाहेबांनी स्वतःकडे ठेवली. आता ते मुलाकडे असतात, कॅनडाला.

भावी अध्यक्ष : किल्ली घेऊन?