शिलेदारी हप्त्याहप्त्याने

मराठी दौलतीच्या घोडदळात स्वारांचे दोन वर्ग असत, हे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकानेही आपल्याला सांगितलेले आहे : ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस रुजू होई तो शिलेदार. शिलेदाराच्या मिशीला पीळ अंमळ अधिक असे. ही शिलेदारी पेशवाईबरोबर बुडाली अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी पावसाळ्यातील एखाद्या रविवारी भल्या सकाळी पुण्याच्या चांदणी चौकात येऊन उभे राहावे. समोर लोखंडी गार्ड, टपावर कॅरिअर आणि त्यावर डिझेलचे डबे, पुढच्या काचेच्या कडेने आकाशाकडे गेलेली काळी सोंड, पाठीवर पाचवे चाक, आणि मागच्या काचेवर राजमुद्रा, अशा सर्व सिद्धतेनिशी चारही चाकांना गती देणारी वाहने मुळशी-ताम्हिणीच्या रोखाने कूच करताना त्यांना दिसतील. फरक असलाच तर तो नोंदणीपुस्तकात सापडेल. तेथे तारणाच्या रकान्यात बँकेचे नाव असते आणि पुढली सात वर्षे ते तेथून हलणार नसते. घोडा सावकाराचा आणि स्वार केवळ वर बसलेला, अशा इसमाची नोंद जुन्या दफ्तरात कोणत्या वर्गात झाली असती, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

वाहनाचे कुळ लढाऊ आहे याविषयी मात्र शंका नसावी. 1940 साली अमेरिकन लष्कराला एक हलके, काटक, वाटेल तेथे जाणारे वाहन हवे झाले आणि त्याचा पहिला नमुना सादर करण्यास कारखानदारांना अवघी 49 दिवसांची मुदत देण्यात आली. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या बाहेर काढल्या. युद्ध संपले, आपल्याकडे स्वातंत्र्य आले आणि महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुटे भाग आणून या गाडीची जुळणी आरंभिली. स्वतंत्र भारतातील पहिले गाजलेले खरेदी-प्रकरणही लष्करी जीपांचेच, 1948 सालचे. चिखल उडवण्यातही हे वाहन कमी नाही हे तेव्हा दिल्लीतच सिद्ध झाले होते. पुढची तीसएक वर्षे मामलेदार, जंगल खात्याचे साहेब, पाटबंधाऱ्यावरचे ओव्हरसियर आणि निवडणुकीचे उमेदवार हे तिचे प्रमुख उतारू. या मंडळींनी जीपचे कौतुक केल्याचे माझ्या वाचनात नाही. जेथे जावयाचे तेथे रस्ता नसे, सबब जीप असे. आणि रस्ता झाला की त्यांतील प्रत्येक जण पहिल्या संधीस ॲम्बॅसिडरमध्ये जाऊन बसे.

आता रस्ते झाले, आणि जीपची मागणी वाढली. हा विरोधाभास ज्यांना उलगडत नसेल त्यांनी बाजाराचा अलीकडचा इतिहास पाहावा. 2010 साली जुन्या जीपचा वारसा सांगणारी थार आली; 2020 साली, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, तिचा नवा अवतार बाजारात उतरला; तिच्यासाठी लोक महिनोन्‌महिने ताटकळत राहिले. मग 2023च्या जानेवारीत त्याच गाडीची अशी आवृत्ती निघाली की, जिच्या फक्त मागच्या दोन चाकांना गती मिळते. चेहरा तोच, छाती तीच, उंची तीच. केवळ ज्या एका गुणासाठी ती प्रसिद्ध, तो गुण वजा, आणि किंमत अर्थातच कमी. कारखानदार हा प्राणी मनुष्यस्वभावाचा ठाव घेण्यात कादंबरीकाराहून निष्णात असतो. पुढच्या दोन चाकांचे ग्राहकाला नेमके किती अगत्य आहे, हे त्याने हिशेबाच्या वहीवरून ओळखले होते.

कारण ज्याने चारही चाकांचे पैसे मोजले आहेत, त्याला तरी त्यांचा उपभोग कोठे घडतो? गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडी असते. ती एका स्थानी असता मागची दोन चाके गाडी ढकलतात, दुसऱ्या स्थानी नेली असता चारही, आणि तिसऱ्या स्थानी गाडी गोगलगाईच्या गतीने पण हत्तीच्या जोराने चढते. परंतु बहुतेक अशा गाड्यांत पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल त्या अवस्थेत एकमेकांशी जखडले जातात, आणि वळणावर तर पुढच्या चाकांना मागच्या चाकांहून मोठी फेरी घालावी लागते. चिखलात चाक किंचित घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही. मग तो पीळ यंत्राच्या पोटात साचत जातो, स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते, आणि दीर्घकाळ असेच चालवल्यास गॅरेजवाल्याच्या मुलाचे शिक्षण उत्तम होते. म्हणून कारखान्याच्या पुस्तिकेत स्वच्छ ताकीद असते की, कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारही चाके जोडू नयेत. म्हणजे ज्या रस्त्यावर ही गाडी विकत घेतली जाते, मिरवली जाते, उभी केली जाते आणि तिचे हप्ते फेडण्यासाठी तिच्यातून कचेरीला जावे लागते, त्या रस्त्यावर तिचा मुख्य गुण वर्ज्य आहे. एकादशीला बासुंदीचे आमंत्रण मिळावे आणि ती दुसऱ्यास वाढण्यापुरतेच, अशातला हा प्रकार आहे.

आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ या पंथाचे एकनिष्ठ अनुयायी आहेत. इमारतीतील यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात त्यांची गाडी मावत नाही, म्हणून ती पाहुण्यांच्या जागेत असते आणि पाहुणे रस्त्यावर असतात. तिला मागे दरवाजे नाहीत. मागल्या बाकावर जाण्यासाठी पुढची खुर्ची मोडून, पायरीवर एक पाय ठेवून, दुसरा पाय आत टाकून आणि मान खाली घालून प्रवेश करावा लागतो. त्यांच्या मातोश्रींचे वय 78 आहे. देवदर्शनास निघताना सूनबाई स्वयंपाकघरातले स्टूल घेऊन पुढे होतात, वॉचमन काका दार धरतात, नातू वरून हात देतो, आणि एवढे बळ एकवटूनही मातोश्री अर्ध्यावर थांबून म्हणतात, "अरे, टांगा सुद्धा बरा होता रे. त्याला पाठीमागून चढता यायचं." गृहस्थ यावर सांगतात, "आई, ही साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते." मातोश्री विचारतात, "सारसबागेत एवढं पाणी आहे का?"

ही जलतरणक्षमता त्यांच्या विशेष अभिमानाचा विषय आहे. इंजिनास लागणारी हवा टपाच्या उंचीवरून ओढता यावी म्हणून जी सोंड त्यांनी बसवून घेतली आहे, तिचे पाणी पाहण्याचा योग दर पावसाळ्यात येता येता राहतो. खडकवासल्याचे दरवाजे उघडतात, विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात, भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि नदीपात्रातील वाहने तत्काळ हलवावीत असे पोलिसांचे फर्मान निघते. त्या वेळी सर्वांच्या आधी धावत जाऊन पात्रातून आपले वाहन सुखरूप काढणारा इसम जर कोणी असेल तर तो आमचा हा वरुणविजेता. तीच गत गतिरोधकांची. रिक्षावाला ज्या उंचवट्यावरून गाणे न थांबवता जातो, त्याच्यापुढे ही गाडी थबकते, तिरकी होते आणि एकेक चाक नववधूच्या पावलाने पुढे टाकते, कारण चाकांच्या त्या काळ्या रिमांना स्वतंत्र किंमत पडलेली असते आणि तिचा आकडा घरात अद्याप सांगितलेला नसतो. समोरच्या लोखंडी गार्डाविषयी मी त्यांना एकदा नम्रपणे विचारले की, पादचाऱ्यांना त्यापासून इजा होते आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या यंत्रणेतही ते व्यत्यय आणते, म्हणून 2017च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या परिवहन खात्याने अशा गार्डांना मनाई केली होती, त्याचे काय झाले? ते म्हणाले, जंगलात गवा आडवा आला तर? कर्वे रस्त्यावर तो येण्याची वाट पाहत ते गार्ड आजतागायत तेथेच आहे.

तथापि एकदा ही गाडी खरोखरच रस्ता सोडून गेली, आणि तो प्रसंग रायगड जिल्ह्यातील एका पुळणीवर घडला. पुळणीवर वाहने नेण्यास मनाई असल्याचा फलक होता. तो वाचण्यासाठी गाडी फलकाच्या पुढे न्यावी लागली, असे गृहस्थांचे म्हणणे. ओहोटीची ओली वाळू टणक भासली, चारही चाके जोडली गेली, पन्नासएक पावले गाडी रुबाबात धावली, आणि मग भुसभुशीत पट्टा लागताच चारही चाकांनी एकदिलाने चार खड्डे खणण्यास प्रारंभ केला. दोनच चाकांची गाडी असती तर दोनच खड्डे झाले असते. ॲक्सिलरेटरवरील पाय जसजसा दाबला गेला तसतशी गाडी सत्याग्रहींसारखी बसत गेली. तिकडे भरतीने आपला नित्यक्रम सुरू केला होता. अखेर वाडीतून एक वृद्ध बैलगाडी घेऊन आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली आणि टायरला अंगठा लावून विचारले, "दादा, चाकातली हवा उतरवलीत का?"

"काका, ही फोर बाय फोर आहे."

"हां, ते मागं लिवलंय. पण हवा?"

रेतीत चालताना टायरमधील हवा निम्म्याच्या आसपास आणली की रबर पसरते, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि चाक रुतण्याऐवजी वर तरते, ही गोष्ट या विद्येतील पहिला धडा आहे. आणि तो सोंडेच्या, दिव्यांच्या, दोरखेचक विंचच्या किमतीत येत नसून संपूर्ण फुकट मिळतो, हे त्याच्या अप्रसिद्धीचे कारण असावे. विंच होतीच, परंतु तिचा दोर बांधावयास समुद्राच्या बाजूस झाड नव्हते आणि जमिनीच्या बाजूचे सुरू फार लांब होते. बैल जुंपले गेले. दोन बैल, आठ पाय, आठांनाही गती, शिवाय कोणता पाय केव्हा उचलावा याचा निर्णय जागच्या जागी. 2024च्या डिसेंबरअखेरीस रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली एक विदेशी मोटार बैलगाडीने ओढून काढल्याची चित्रफीत अवघ्या महाराष्ट्राने चवीने पाहिली. पण ती बिचारी शर्यतीच्या जातीची, गुळगुळीत रस्त्यासाठी जन्मलेली. हिच्या तर पाठीवरच तिची प्रतिज्ञा लिहिलेली होती.

येथवर हसून झाले. पण ज्या थोड्या शिलेदारांना ती आखूड दांडी खरोखर ओढावीशी वाटते, त्यांना ती ओढण्यास जागा कोठे मिळते, ते पाहिले म्हणजे हसू मावळते. शेत कोणाचे तरी असते, जंगल सरकारचे असते. उरतात ते सडे आणि समुद्रकिनारे. सह्याद्रीच्या सड्यावर कातळाच्या माथ्यावर माती कोठे चार बोटे, कोठे बोटभरही नसते, आणि त्या तेवढ्या ओल्या मातीत पावसाळ्यात सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे जे वैभव उभे राहते, त्याच्याखातर कास पठारास 2012 साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तेथे निदान पहारा आला. शेजारच्या बिननावाच्या सड्यांना ना कुंपण, ना पहारा. जाड खाचांचा टायर तेथे एकदा फिरला की माती खरवडली जाऊन कातळ उघडा पडतो, पाण्याची वाट बदलते, आणि चाकोरी पुढच्या पावसाळ्यातही दिसते. वेळासच्या किनाऱ्यावर गावकरी थंडीच्या दिवसांत पहाटे उठून समुद्रकासवांची घरटी शोधतात, अंडी जाळीच्या आत सांभाळतात, पिले पाण्यात सोडतात. जेथे असे राखणदार नाहीत, तेथे वाळूवरून गरगर वर्तुळे काढणाऱ्या गाडीखाली काय दबले, याचा पंचनामा करण्यास कोणी येत नाही. याला साहस म्हणतात. साहसाचा एक अर्थ आपल्या जुन्या फौजदारी परिभाषेत अविचाराने केलेले दांडगाईचे कृत्य असाही होता. तो पुन्हा प्रचारात आणल्यास माझी हरकत नाही.

ज्यांच्या नशिबी रस्त्याविना राहणेच आलेले आहे, त्यांचे काय चालते? त्यांची एस. टी. आहे. 1 जून 1948 रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर निघालेली ती गाडी आजही केवळ मागच्या चाकांच्या जोरावर, खिडक्यांचा खडखडाट करीत, शाळकरी पोरे, कोंबड्या आणि तहसीलला दाखला आणण्यास निघालेले म्हातारे यांच्यासह त्याच घाटांतून जाते, जेथे शिलेदार छायाचित्रासाठी थांबतात. साताऱ्या-कोल्हापुराकडे वडाप आहे. त्या जीपगाडीत चालकाच्या उजव्या अंगालाही एक प्रवासी बसतो, मागे पायरीवर तिघे लोंबकळतात, टपावर पिठाची पोती असतात, आणि ड्रायव्हर एका मांडीने स्टिअरिंग सांभाळीत सुट्टे पैसे मोजतो. (यांतील निम्म्या बाबी बेकायदेशीर आहेत, हे मला ठाऊक आहे, आरटीओलाही आहे.) पाटणच्या खोऱ्यात आषाढात दरड कोसळून रस्ता निम्मा झाला तरी वडाप जाते, कारण पलीकडे बाजार असतो आणि बाजाराचा दिवस असतो. त्या ड्रायव्हरला कोणी ऑफ-रोडिंगचे प्रमाणपत्र दिलेले नाही. दिले असते तर त्याने ते विम्याच्या कागदांबरोबर, म्हणजे घरी, ठेवले असते.

आमच्या गृहस्थांचे मन अलीकडे या गाडीवरून उडाले आहे. पाच दरवाजांची, मातोश्रींना झेपेल अशी नवी गाडी घ्यावी असे घरात ठरले असून जुनीची जाहिरात मी वाचली. मजकूर त्यांनीच लिहिलेला आहे : एकच मालक, सर्व सर्व्हिसिंग कंपनीत, टायर नव्यासारखे, सोंड, विंच, टपावरचे दिवे व डबे विनामूल्य, आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत, गाडी कधीही ऑफ-रोड नेलेली नाही. किंमत त्यामुळे बाजारभावाहून चाळीस हजारांनी अधिक मागितली आहे. रविवारी एक गिऱ्हाईक आले. ते गाडीखाली वाकून, ॲक्सलवर बोट फिरवून, वाळूचा कण कोठे सापडतो का ते बराच वेळ पाहत होते. आणि गृहस्थ शेजारी उभे राहून, देवाशपथ सांगतो, ती दांडी मी कधी हलवलेलीच नाही, असे त्यांना परोपरीने पटवीत होते.