कामापुरता नवरा

लग्न करायला माणसं काय काय कारणं सांगतात! वय वाढत चाललं, आईनं जिवाला घोर लावून घेतला, मेसच्या जेवणानं पोट बिघडलं. १९४१ सालच्या ‘होल्ड बॅक द डॉन’ या सिनेमातल्या जॉर्जचं कारण त्या मानानं अगदी स्वच्छ आहे : व्हिसा.

रुमानियाचा हा देखणा गृहस्थ मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावात अडकलेला. अमेरिकेच्या कोट्याप्रमाणे व्हिसाचा नंबर लागायला पाच ते आठ वर्षं. मग नाचातली जुनी जोडीदारीण अनिता कानमंत्र देते, अमेरिकन बायको कर! तिनं स्वतः एका जॉकीशी लग्न लावून हेच साधलेलं. झालं, साहेबांनी गुडघ्याला बाशिंग बांधलं. सहलीला आलेली भोळी शिक्षिका एमी गळाला लागते. अंगठीसुद्धा अनिताचीच, उसनी. जॉर्ज झालेल्या शार्ल बॉयेंचे ते अर्धमिटले डोळे पाहून आपणही फसलो असतो, तिथं एमीची काय कथा! पुढे तिला सगळं कळतं. पण अधिकारी चौकशीला येतो तेव्हा हीच बाई नवऱ्याला पाठीशी घालते. एमी झालेली ऑलिव्हिया डी हॅविलंड तिथं सगळ्यांना खाऊन टाकते. ऑस्कर मात्र त्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीला, जोन फाँटेनला मिळालं. घरचं भांडण घरातच!

चार्ल्स ब्रॅकेटबरोबर ही पटकथा लिहिणारा बिली वाइल्डर स्वतः अशाच सीमेवर, मेक्सिकालीत, व्हिसासाठी ताटकळलेला. त्यानं एक प्रसंग लिहिला होता : भिंतीवरून चाललेल्या झुरळाला जॉर्ज काठीनं अडवतो आणि दरडावतो, कुठं निघालास? तुझा व्हिसा कुठंय? बॉये म्हणाले, झुरळाशी मी बोलणार नाही. वाइल्डरही खमका. झुरळाशी बोलत नाही ना, मग कुणाशीच बोलू नकोस, म्हणत त्यानं शेवटच्या भागातले बॉयेंचे संवाद छाटले. मला विचाराल तर सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग तोच होता, आणि नेमका तोच गेला.

हल्ली आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातींत ‘ग्रीनकार्डधारक’ हा शब्द पत्रिकेतल्या गुणांइतकाच तोलून वाचतात. जॉर्जला नावं ठेवायला आपल्याला फारशी जागा नाही. मात्र त्या काळी एखादा जॉर्जराव सातारकर त्या सीमेवर पोचला असता, तर त्याला हा डावही खेळता आला नसता. भारतीयांना नागरिकत्वच मिळत नव्हतं, त्यामुळं अमेरिकन बायको करूनही दार बंदच. ते उघडलं १९४६ साली. कोटा होता वर्षाला शंभर, अख्ख्या हिंदुस्थानासाठी.