फ्रेटदादा

इलेक्ट्रिक गिटार बाळगणाऱ्यांचे दोन प्रकार असतात: वाजवणारे आणि घासणारे. घासणाऱ्यांचा अस्सल नमुना बघायचा तर उमरग्याला यावं, तेही भर उन्हाळ्यात. त्याला आपण फ्रेटदादा म्हणू.

एप्रिल-मे म्हणजे त्याचा हंगाम. इकडची हवा इतकी कोरडी होते, की गिटारच्या मानेवरची शिसवी पट्टी रुंदीत आकसते. तिच्यात ठोकलेले धातूचे फ्रेट मात्र आकसत नाहीत. त्यांची टोकं कडेनं बाहेर डोकावतात आणि हात सरकवला की बोटांवर ओरखडे उठतात. नेमकी तेव्हाच लग्नसराई. मुरूमहून, नळदुर्गहून ऑर्केस्ट्रावाल्यांचे फोन येतात.

"दादा, उद्या एक गिटारवाला कमी पडायलाय."

"उद्या? अरे, अजून टोकं घासायचीत!"

पावसाळ्यात लाकूड फुगलं की टोकं पुन्हा आत जातात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून घासायचं ते उन्हाळ्यातच, हे त्याचं म्हणणं. ते शास्त्राला धरून आहे, हीच खरी पंचाईत.

काम मात्र बघत राहावं असं. तारा उतरवल्या की आधी पिकअप चिकटपट्टीनं झाकायचे, कारण त्यातली लोहचुंबकं पोलादी लोकरीचा कीस ओढून घेतात. मग लाकडावर चिकटपट्टी, फक्त धातू उघडा. फ्रेटच्या माथ्यांना काळं मार्कर फासून सपाट ठोकळ्यावर लावलेला पॉलिश पेपर फिरवायचा. जिथं काळं राहिलं, तिथं फ्रेट खाली बसलाय. मग कानस तिरकी धरून टोकं मोडायची. पुढं पेपर 400 चा, 800 चा, 2000 चा. शेवटी पोलादी लोकर, तीही 'चार शून्य' नंबरची. आईनं एकदा भांड्यांची घासणी पुढं केली, तेव्हा तो दिवसभर जेवला नाही. बाविसाव्या फ्रेटला लग्नात कुणी शिवत नाही. पण दादाला त्यात स्वतःची मिशी दिसली पाहिजे.

या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात. त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी औषधालाही नसते. हे तो मीटर रीडिंगला आलेल्या माणसालाही सांगतो. मिरजेच्या सतारमेकरांविषयी त्याला आदर आहे आणि थोडी असूयाही: सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, चुकले तर सरकवता येतात. इथं ठोकलं ते ठोकलं.

तेलाचा विषय तर काढूच नये. "बाळा, करडईचं लाव की थोडं," आई म्हणते. करडईचं तेल वाळून चिकट होतं, खोबरेल कालांतरानं खवट होतं. म्हणून शिसवी पट्टीला खनिज तेलाचे दोन-चार थेंब, तेही लगेच पुसून. एका पोरानं मेपलच्या, लॅकर मारलेल्या पट्टीवर तेलाची बाटली तिरकी केली, तेव्हा दादानं त्याचं मनगट असं धरलं की त्यानं त्या आठवड्यात गिटार हातात घेतली नाही.

तपासणी रात्री. सहा तारा, 22 फ्रेट, एकेक सूर ओळीनं: एकूण 132 सूर, गाणं एकही नाही. शेजाऱ्यांना क्रम पाठ झालाय.

बाकी गावातल्या पोरांच्या गिटारी त्याच्याच हातून जातात, फुकटात. पोरं उन्हाळाभर वाजवून पैसे कमावतात. दादा त्याच लग्नांना जेवायला जातो आणि सगळी वऱ्हाडं नवरीकडं बघत असताना हा गिटारवाल्याचा डावा हात बघतो.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले. टोकं गुळगुळीत, माथे सपाट, तारा नव्या. पोरांनी ॲम्प्लिफायर उचलून घरी आणला. "आता तरी वाजवा दादा."

दादानं गिटार डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला.

"दमट हवेनं मान वाकलीय रे. आतली सळई फिरवावी लागंल. पोळ्यापर्यंत थांबा."