वाया गेलेल्या खेळाडूचे स्मरण : रीतसर पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका बाळकुम नाका ते अंजूरफाटा या पट्ट्यातील, चाळिशी उलटलेल्या आणि रविवारच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांना आता फक्त प्रेक्षक म्हणून, तेही सावलीत खुर्ची मिळाली तरच, जाणाऱ्या पुरुषांसाठी आहे. बायकांना हिची गरज नाही. वाया गेलेल्या माणसांचे नुसते स्मरण करण्याची चैन त्यांच्या नशिबी नसते. त्यांना त्यांच्यासाठी भाकऱ्या थापाव्या लागतात.

नियम पहिला, स्थळाबद्दल. चहाची टपरी हे परंपरेने चालत आलेले स्थळ असले तरी तिच्यात एक दोष आहे : ऐकणारा उठून जाऊ शकतो. म्हणून कशेळीच्या खाडीपुलावर अडकलेली गाडी केव्हाही सरस. पुढे गोदामाचा कंटेनर आडवा, मागे एसटी, शेजारी मेट्रोचे खांब आणि खाली खाडीचे पाणी. या अवस्थेत माणूस १९९३ ची इंग्लंडविरुद्धची अख्खी मालिका मुकाट ऐकून घेतो. गाडी आमच्या मामांची असेल तर जयपूरचा एकदिवसीय सामनाही त्यात फुकट मिळतो. १८ जानेवारी १९९३, विनोद कांबळीचा एकविसावा वाढदिवस आणि त्याच दिवशी त्याचे नाबाद शतक. भारत तो सामना हरला, ही बाब मामा सांगत नाहीत. पूल तोवर संपलेला असतो.

मामा हे या विद्येतले माझे गुरू. ते वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापलीकडे काही वाचत नाहीत, त्यामुळे मी निर्धास्त लिहितो.

नियम दुसरा, खेळाडूच्या निवडीबद्दल. नवशिके इथेच घसरतात. ज्याला संधी मिळाली नाही तो वेगळा आणि जो वाया गेला तो वेगळा. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांच्या काळात डावखुऱ्या फिरकीची खुर्ची बिशनसिंग बेदींनी अडवली होती. यात वाया काय गेले? माणूस पन्नाशीकडे झुकेपर्यंत टप्पा न सोडता टाकत राहिला. त्यांच्याबद्दल हळहळायचे नसते, निवड समितीवर चिडायचे असते. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याला वेगळा चहा लागतो.

अमोल मजुमदार यांचाही गोंधळ होतो. शालेय क्रिकेटमधली ती जगप्रसिद्ध भागी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. पुढे १९९४ मध्ये फरीदाबादला हरयाणाविरुद्ध रणजी पदार्पणात २६०, कारकिर्दीत ११,१६७ धावा, भारताची टोपी नाही. वर्षानुवर्षे हे नाव हळहळीच्या यादीत वर होते. मग २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्या रात्रीपासून मजुमदारांसाठी उसासा टाकणे नियमबाह्य आहे.

उरला तो. त्याचे नाव घेण्यापूर्वी क्षणभर थांबायचे, काच खाली करायची आणि बाहेर बघत म्हणायचे, “हात काय व्हता रं त्याचा.”

नियम तिसरा : आकडे तोंडपाठ असावेत, पण सगळे एकदम बाहेर काढू नयेत.

सुरुवात ६६४ च्या भागीने करावी. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. हा क्रम बदलू नये. विनोदचा आकडा नंतर सांगितला की ऐकणाऱ्याच्या लक्षात फरक बरोबर बसतो. त्या दिवशी मैदानात हजर असल्याचे सांगणारे आमच्या पट्ट्यातच इतके आहेत की आझाद मैदानाची हद्द मशीद बंदरापर्यंत न्यावी लागेल. मामाही तिथे होते. त्या साली ते भिवंडीत लूमवर दिवसपाळीला होते, हे मामी सांगते; पण मामीला क्रिकेट कळत नाही. पोरांचे प्रशिक्षक आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते, डाव घोषित करा म्हणून निरोप आला आणि पोरांनी तो ऐकूनही ऐकला नाही, पुढे सरांशी फोनवर बोलणे झाले तेव्हा विनोदला साडेतीनशेला एकच धाव हवी होती, हे सगळे आता दंतकथेच्या वाटेने गेले आहे, तरी सांगावेच. फार कोणी विरोधात बोलू लागला तर हुकमाचे पान टाकावे : त्याच सामन्यात विनोदने गोलंदाजीतही सहा बळी घेतले. हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसते. बाकीचे दहा टक्के आमच्या टपरीवर बसतात.

मग रणजीतला पहिल्याच चेंडूवर षटकार. मग १९९३, वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगेच दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७. त्याच वर्षी श्रीलंकेत आणखी दोन शतके. कसोटीतल्या हजार धावा चौदा डावांत. इतक्या लवकर त्या करणारा भारतीय अजून झालेला नाही. १९९४ ला शारजात शेन वॉर्नच्या एका षटकात २२ धावा. इथे मामा स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी फटका दाखवतात, म्हणून हा भाग गाडी पूर्ण थांबलेली असतानाच सांगावा.

शेवटचा आकडा हळू आवाजात : १७ कसोटी, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. कारकिर्दीतली शेवटची कसोटी कटकला, नोव्हेंबर १९९५. वय वर्षे तेवीस.

आता खरी गोष्ट, जी मामांच्या गाडीत बोलायची नसते. विनोद फिरकीला पुढे येऊन, बॅट खांद्याच्याही वर उचलून असा मारायचा की गोलंदाजाची लाज वाटावी. पण १९९४-९५ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत वॉल्श आणि बेंजामिन यांनी चेंडू बरगड्यांच्या दिशेने उसळवायला सुरुवात केली आणि पुढे यायची सवय लागलेले पाय मागे जायला उशीर करू लागले. ही शिकता येण्यासारखी गोष्ट होती. कित्येक भारतीय फलंदाज त्यातून गेले, काहींना शिकायला पाच-सहा वर्षे मिळाली. याला कसोटीत ती मिळाली नाहीत. एकदिवसीय संघात तो २००० पर्यंत ये-जा करत राहिला, मुंबईकडून धावा ओतत राहिला. प्रथम श्रेणीत एकूण ९,९६५. दहा हजाराला पस्तीस कमी. एक ३४९ आणि एक ९,९६५; मला या माणसाच्या कारकिर्दीत २२७ पेक्षा हे दोन आकडे जास्त छळतात.

नियम चौथा : ईडन गार्डनचा विषय काढू नये. मार्च १९९६, सगळ्यांनी पाहिलेले आहे.

नियम पाचवा, कारणमीमांसेबद्दल. स्मरणाचा हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. ‘पण वाया का गेला?’ असे कोणीतरी विचारतो आणि मग प्रत्येकाने कारण द्यायचे असते. कोणी काय द्यायचे ते ठरलेले आहे. ज्याने भाताची जमीन गोदामवाल्याला विकली आणि दोन वर्षांत पैसे उडवले, तो म्हणतो, “पैसा लवकर आला ना रं, तिथंच गरबर झाली.” ज्याचा सख्ख्या भावाशी दिवाणी दावा चालू आहे, तो म्हणतो, जवळच्यांनीच घात केला. बारावीला तीनदा आपटलेला म्हणतो, योग्य मार्गदर्शन नव्हते. दारू सोडलेला म्हणतो, दारू. दारू न सोडलेला म्हणतो, दारूचा काही संबंध नाही, उगाच बदनाम केला पोराला. मी इतकी वर्षे या बैठकांना बसतो आहे. विनोद कांबळीबद्दल तिथे काडीचीही नवी माहिती मिळालेली नाही, पण कशेळी-काल्हेरमधल्या बहुतेक घरांची आतली बातमी मला आहे. वसुली पथकाने या बैठकांना आवर्जून बसावे.

मामांचे कारण मात्र एकच आहे आणि ते कधी बदलत नाही : “त्याला सांगनारा कोन नव्हता.” मामांना सांगणारे घरात चार जण होते. त्यांनी कोणाचेच ऐकले नाही.

नियम सहावा : सचिनविरुद्ध बोलू नये. ‘सचिन मेहनतीचा, विनोद हाताचा’ एवढीच मर्यादा. यापुढे गेल्यास टपरीवाला चहा देणे थांबवतो.

नियम सातवा, गावच्या खेळाडूबद्दल. प्रत्येक गावाने स्वतःचा एक वाया गेलेला खेळाडू बाळगावा, असा दंडक आहे. आमच्याकडे एक डावखुरा गोलंदाज होता. दिवाळीनंतर कापणी झाली की खाचरातली चुडं काढून, बांध फोडून, पाणी मारून खेळपट्टी केली जायची. टेनिस बॉल सुकलेल्या भातजमिनीवर पडला की थांबून येतो, फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा होतो आणि झेल मिड-ऑनला. हे ज्ञान त्या पोराकडे होते. तो मुद्दाम आखूड, हळू टाकायचा आणि फलंदाज बाद झाल्यावर त्याला सॉरी म्हणायचा. मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाने चाचणीला बोलावले, तो गेला नाही. सर्व साहित्य तयार. हळहळायला अजून काय लागते?

अडचण अशी की तो मजेत आहे. ज्या खाचरात तो टाकायचा तिथे आता त्याचाच गोदामाचा गाळा आहे, भाडे महिन्याच्या पाच तारखेला जमा होते. आपण ‘काय बॉलर होता’ म्हणत रस्त्याच्या कडेला उभे राहावे आणि त्याने एसीची गाडी थांबवून “कुठं सोडू?” विचारावे, यात स्मरणाचे गांभीर्य राहत नाही. मामा त्याच्या गाडीत बसत नाहीत. मी बसतो.

आणि बैठकीतल्या आम्हा इतरांचे काय, असे कोणी विचारेल. वाया जायला आधी काहीतरी असावे लागते.

नियम आठवा, तरुणांना सामावून घेण्याबद्दल. माझा भाचा गोदामात पाळीवर आहे, रात्री टर्फवर फुटबॉल खेळतो आणि क्रिकेटला म्हातारपणाचा आजार समजतो. त्याचा वाया गेलेला खेळाडू आद्रियानो. ब्राझीलचा, मिलानच्या इंटरकडून खेळणारा, डावा पाय म्हणजे तोफ. भाच्याने त्याला प्रत्यक्षात फार कमी पाहिलेय. पाहिलेय ते भिवंडीच्या सायबर कॅफेत, पीईएस ६ या गेममध्ये, जिथे आद्रियानोच्या फटक्याची ताकद ९९ होती आणि अर्ध्या मैदानातून गोल व्हायचा. या पोरांची पिढी एका आकड्यासाठी हळहळते. आमच्यापेक्षा ते प्रामाणिक आहे, असे मला कधीकधी वाटते.

मामांनी पहिला प्रश्न विचारला, “अ‍ॅव्हरेज किती?” फुटबॉलमध्ये ते नसते हे ऐकून त्यांना त्या खेळाची कीवच आली. भाच्याने सांगितले : २००४ ची कोपा अमेरिका, अंतिम सामना अर्जेंटिनाशी, वाढीव वेळेत याने बरोबरी साधली, ब्राझील जिंकले. त्याच वर्षी त्याचे वडील गेले आणि त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. पुढे लठ्ठपणा, पार्ट्या, परत आपल्या वस्तीत जाऊन राहणे. मामा इतका वेळ शेंगदाणे सोलत होते. “बापूस गेला?” त्यांनी विचारले. मग म्हणाले, “मंग त्याला काय बोलाचा नाय.” तेव्हापासून आद्रियानो आमच्या बैठकीत दाखल आहे. मामा त्याला अंद्र्या म्हणतात.

नियम नववा, हयात खेळाडूबद्दल. याला पूर्वउदाहरण नाही, त्यामुळे तो जपून लिहितो. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. विनोदने सचिनचा हात धरून ठेवलेला तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला आणि त्याच महिन्यात तो उपचारासाठी दाखल झाला, तो काल्हेरच्या रुग्णालयात. म्हणजे आमच्या शेजारच्या गावात. ज्याच्याबद्दल आम्ही तीस वर्षे पुलावर बोललो, तो पूल उतरून थोडे पुढे, एका खाटेवर.

असा प्रसंग आल्यास काय करावे, याबाबत शास्त्र मूक आहे. टपरीवर त्या दिवसांत २२४ कोणी काढले नाही. चर्चा फक्त कामाची : जेवण जातंय का, घरचे कोण आहे, रुग्णालयाबाहेर फोन घेऊन उभ्या असलेल्या पोरांना कोण हाकलणार. दोघे-तिघे बघून येऊ म्हणाले, त्यांना मामांनी खडसावले. “आजारी मानूस हाय, म्युझियम नाय.” नंतर तो तिथे ‘चक दे इंडिया’वर नाचतानाचा व्हिडिओ आला. मामांचा एकच आक्षेप : सिनेमा हॉकीचा आहे. १ जानेवारी २०२५ ला तो घरी गेला. जाताना भारताची जर्सी घालून त्याने हातात बॅट घेतली आणि दोन-चार फटके मारून दाखवले. मामांनी तो व्हिडिओ थांबवून, बोटांनी मोठा करून आम्हाला दाखवला. “बॅकलिफ्ट बघ,” म्हणाले. “अजून तीच हाय.”

मी बघितली. तीच होती.

नियम दहावा आणि शेवटचा : निवृत्तीपूर्वी कोणालाही यादीत घेऊ नये. हा नियम मामांच्या उतावळेपणामुळे करावा लागला. विरारचा पृथ्वी शॉ, २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ५४६, २०१८ ला राजकोटला कसोटी पदार्पणात १३४, वय अठरा. २०२० नंतर कसोटी नाही, पुढे आयपीएलच्या लिलावात कोणी घेतला नाही. मामांनी त्याच्या नावाचा कप्पा उघडलाही होता. कारणमीमांसा तयार होती, ‘सांगनारा कोन नव्हता’सकट. तोच पोराने मुंबई सोडली, महाराष्ट्राकडून खेळायला गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध २२२ ठोकल्या. भाच्याने फोन पुढे केला. मामांनी चष्मा लावून आकडा पुन्हा वाचला, फोन परत दिला आणि बराच वेळ चहाला फुंकर घालत राहिले.

“पंचवीस वर्सांचा हाय अजून,” शेवटी चिडून म्हणाले. “यांनला नीट वाया पन जाता येत नाय.”