जावाचे किती, स्प्रिंगबूटचे किती?

प्रस्तुत लेखकाच्या कर्तृत्वाने भारावलेल्या माणसांची संख्या महिनाअखेर जवळ आली की एकदम वाढते. ‘तुमचं प्रोफाइल वाचून आम्ही अत्यंत प्रभावित झालो आहोत,’ असं कुणी बंगळुरूहून लिहितं, कुणी गुरगावहून. लेखक असा निरोप दोनदा वाचतो आणि मग फोन जेवणाच्या टेबलावर, सहज विसरल्यासारखा, उघडा ठेवून देतो. बायकोने एकदा तो वाचलाही.

"हे ‘डिअर फर्स्टनेम’ कोण रे?"

लेखकाचं म्हणणं असं, की घाईत एखाद्याकडून नाव घालायचं राहून जातं. कौतुक मनापासून आहे ना, मग झालं. त्या निरोपात ‘आपल्या अनुभवाला साजेशी’ म्हणून सुचवलेली नोकरी एसएपी सल्लागाराची होती. लेखक बॅकएंड डेव्हलपर आहे. एसएपीशी त्याचा संबंध रजेचा अर्ज भरण्यापुरता येतो.

तरीही फोन आला की तो घेतोच. कँटीनमागच्या जिन्यात जाऊन, आवाज खाली आणून. आयटीतली माणसं नोकरी बदलण्याबद्दल जिन्यातच बोलतात. तिथे बॉस भेटला तरी बिघडत नाही. तोही त्याच कामासाठी आलेला असतो.

फोनसाठी लेखकाची तयारी जय्यत. ऐन दिवाळीच्या खरेदीत पेमेंटची यंत्रणा धापा टाकत होती आणि आपण ती रात्रभर जागून कशी सावरली, ही कथा त्याने घासूनपुसून ठेवली आहे. योग्य जागी थांबे आहेत, शेवटी विनयसुद्धा आहे. पण पलीकडून ती कुणी विचारत नाही. प्रश्न ठरलेले, क्रम ठरलेला: टोटल एक्स्पीरियन्स, रिलेव्हंट एक्स्पीरियन्स, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड, करंट लोकेशन, रीझन फॉर चेंज.

"सर, जावाची किती वर्षं?"

"दहा."

"आणि स्प्रिंगबूटची?"

"अहो, स्प्रिंगबूट म्हणजे जावाच. जावामध्येच लिहितात ते."

"हो सर, पण शीटमध्ये दोन वेगळे कॉलम आहेत."

कॉलमपुढे कुणाचं काय चालणार? दहाचे सहा आणि चार असे दोन तुकडे करून लेखकाने ते कॉलममध्ये घालू दिले.

हा कॉलम काही लेखकाच्या पुण्यापुरता नाही. सेबास्टियन रामिरेझ नावाच्या प्रोग्रामरने ‘फास्ट-एपीआय’ हे पायथनचं फ्रेमवर्क २०१८च्या अखेरीस प्रसिद्ध केलं. २०२० साली त्याला एक जाहिरात दिसली. त्यात फास्ट-एपीआयचा किमान चार वर्षांचा अनुभव मागितला होता. त्याने जाहीर करून टाकलं, की मला अर्ज करता येणार नाही, कारण ही वस्तू बनवूनच मला दीड वर्ष झालंय. हे वाचून लेखकाला कित्येक दिवस बरं वाटत होतं. ज्या कारणाने रामिरेझ अपात्र, त्याच कारणाने आपणही अपात्र. म्हणजे आपण एकाच पंगतीतले. पंगतीत रामिरेझने बनवलेली वस्तू जगभर वापरतात आणि लेखकाची रजेच्या पोर्टलखेरीज कुठे ओळख नाही, हा तपशील झाला.

इथे सीटीसीबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे. दोनाचे दोनशे होतील, कारण लेखकाचा हा लाडका विषय असून घरात तो काढायला त्याला बंदी आहे.

सीटीसीचा, म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’चा, आकडा ऑफर लेटरवर ठळक असतो, नातेवाइकांना सांगायला उत्तम असतो आणि बँकेत कधीही जमा होत नाही. त्यात मूळ पगार असतो, घरभाडे भत्ता असतो, विशेष काय ते कुणालाच ठाऊक नसलेला स्पेशल अलाउन्स असतो, मिळालाच तर मिळणारा व्हेरिएबल पे असतो, विम्याचा हप्ताही असतो. तुमच्या प्रॉव्हिडंट फंडात कंपनी जे १२ टक्के घालते, तेही तुमच्याच सीटीसीत मोजलेले असतात. त्या बारापैकी ८.३३ टक्के जातात पेन्शन योजनेत, तेही १५,००० रुपयांच्या कमाल मर्यादेवर, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. मग येते ग्रॅच्युइटी: मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. हा आकडा आला कुठून, हे लेखकाने एका रविवारी खोदून काढलं. वर्षाला १५ दिवसांचा पगार द्यायचा, महिना २६ दिवसांचा धरायचा. पंधराला सव्वीसने भागा, आलेल्या उत्तराला बाराने. ४.८१! आता ही ग्रॅच्युइटी मिळायला कायम नोकरीत सलग पाच वर्षं काढावी लागतात, आणि आयटीत पाच वर्षं एका जागी बसलेल्या माणसाला रिक्रूटर विचारतात, "सर, एवढी वर्षं तिथेच? काही प्रॉब्लेम?" म्हणजे थांबलात तर संशय, निघालात तर ग्रॅच्युइटी बुडाली, मात्र सीटीसीत ती दरवर्षी मिळतच असते.

पण खरी मौज ८.३३ मध्ये आहे. शंभराला बाराने भागलं की ८.३३ येतात. पेन्शनचा वाटा ८.३३ टक्के. बोनसच्या कायद्यातला किमान बोनस, तोही ८.३३ टक्के. आणि उमेदवार मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीचा रूढ मोबदला वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. म्हातारपण, दिवाळी आणि दलाली, तिन्हींचा भाव एकच! हे लक्षात आलं तेव्हा लेखक खुर्चीतून उठून उभा राहिला. बायको म्हणाली, "उठलाच आहेस तर गॅस बंद कर."

कन्सल्टन्सीच्या या मोबदल्याला बहुधा एक अट जोडलेली असते: माणूस ९० दिवस टिकला पाहिजे, नाहीतर बदली माणूस फुकट द्यायचा. त्यामुळे लेखक मागच्या वेळी नव्या नोकरीत लागला तेव्हा फोनवर फोन येत होते. "रुळलात ना सर? मॅनेजर चांगले आहेत ना? डबा आणता की कँटीनमध्येच जेवता?" इतक्या आपुलकीने त्याच्या सख्ख्या मावशीने कधी विचारपूस केली नव्हती. मुदत संपली तशी आपुलकीही आटोपली. लेखकाला तिची सवय झाली होती, ही गोष्ट वेगळी.

नव्वदचा आणखी एक मुक्काम म्हणजे नोटीस पिरियड. आपल्याकडच्या बऱ्याच आयटी कंपन्यांत राजीनाम्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. त्याच कंपन्यांच्या जाहिरातींत वरच लिहिलेलं असतं: ‘इमिजिएट जॉइनर्स ओन्ली.’ स्वतःच्या माणसाला तीन महिने सोडायचं नाही आणि दुसऱ्याचा माणूस सोमवारी हवा, ही दोन्ही धोरणं एकाच मजल्यावरचा एकच विभाग ठरवतो. परिणाम व्हायचा तोच होतो. हातात एक ऑफर आली की माणूस राजीनामा देतो. राजीनामा दिला की तो ‘सर्व्हिंग नोटीस’ होतो, म्हणजे बाजारात त्याचा भाव चढतो. उरलेल्या दिवसांत तो त्या ऑफरवर दुसरी मिळवतो, दुसरीवर तिसरी. मग पहिल्या कंपनीचा एचआर परिसंवादात खंत व्यक्त करतो, की आजच्या पिढीत निष्ठा उरली नाही.

नोकरीच्या साइटवर रोज सकाळी रेझ्युमेतला एक पूर्णविराम काढायचा, सेव्ह करायचं, परत टाकायचा, सेव्ह करायचं. त्याने प्रोफाइल ‘आजच अपडेट केलेलं’ दिसतं आणि शोधात वर येतं, अशी सर्वत्र श्रद्धा आहे. लेखक अंधश्रद्धेच्या कट्टर विरोधात आहे. तो हे आंघोळीनंतर करतो.

एवढं सगळं पार पडलं की तांत्रिक मुलाखत. जाहिरातीत लोकेशन ‘पुणे’ असतं; लेखक हिंजवडीत बसतो, मुलाखत खराडीत असते, आणि मध्ये अख्खं पुणे असतं. तिथे त्याच्या निम्म्या वयाचा दिसणारा एक मुलगा बायनरी ट्री उलटा करायला सांगतो. म्हणजे झाडाच्या प्रत्येक गाठीवर डावी फांदी उजवीकडे आणि उजवी डावीकडे न्यायची. लेखकाने नोकरीत असं झाड कधी उलटं केलेलं नाही. सुलटं असलेलं उलटं करा, असं कुठल्या ग्राहकाने म्हटलेलंही नाही. तरी त्यासाठी जाडजूड पुस्तकं निघतात. गेल लाकमन मॅकडॉवेल यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न आहेत. पोरं दहावीच्या अभ्यासाला बसतात त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाप ग्राफ आणि हीप घोकत बसलेला, हे दृश्य कोथरूडपासून वाकडपर्यंत आता कुणाला नवं नाही.

हेच झाड मॅक्स हॉवेललाही आडवं गेलं होतं. मॅकवर काम करणारे प्रोग्रामर ज्याच्याशिवाय पाऊल टाकत नाहीत ते ‘होमब्रू’ त्याने लिहिलेलं. २०१५ साली गूगलने त्याला नाकारलं, तेव्हा त्याने भडकून ट्विट केलं, की तुमचे ९० टक्के इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून मी नको. पुढे राग निवल्यावर, ते ट्विट तितकंसं न्याय्य नव्हतं, असंही त्यानेच लिहिलं. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी तर २०१३ मध्येच मोकळेपणाने सांगितलं होतं, की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील छापाची कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. त्यांतून प्रश्न विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचा भास होतो, एवढंच. कोडी घालणाऱ्यांनीच ती मोडीत काढली.

लेखकाने खराडीतलं झाड उलटं केलं. मुलाने मान डोलावली. "वी विल गेट बॅक टू यू," असंही म्हणाला. त्यानंतर काही नाही. होकार नाही, नकार नाही, पोच नाही.

इथे लेखकाचा राग खरा आहे. पण दुसरी बाजूही त्याने पाहिली आहे, कारण तोही मुलाखती घेतो. ऑनलाइन मुलाखतीत उत्तर एकाने द्यायचं आणि ओठ दुसऱ्याने हलवायचे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. खोट्या कंपन्यांची खरी दिसणारी अनुभवपत्रं विकत मिळतात. एका जागेसाठी इतके अर्ज येतात की ते वाचणं माणसाच्या आवाक्यातलं राहत नाही, म्हणून ते यंत्राकडे जातात. आणि यंत्र जुन्या माणसांकडूनच शिकतं: अ‍ॅमेझॉनने असं एक यंत्र करून पाहिलं, आधीच्या दहा वर्षांचे, बहुतांश पुरुषांचे रेझ्युमे वाचून ते बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागलं आणि कंपनीला तो प्रयोग गुंडाळावा लागला. हे २०१८ मध्ये बाहेर आलं. २०२५च्या जानेवारीत पुण्यातल्या एका वॉक-इन मुलाखतीच्या रांगेचा व्हिडिओ देशभर फिरला. हातात फाइल घेतलेली हजारो मुलं उन्हात उभी होती. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्याचा पगार साडेतीन लाखांच्या आसपास दशकभर रुतून बसला आहे. त्या मुलांपुढे आपल्या न आलेल्या उत्तराचं दुःख काढताना लेखकालाही जरा ओशाळवाणं होतं.

खराडीचं काय झालं, हे विचारायला त्याने शेवटी जावाची वर्षं विचारणाऱ्या कन्सल्टन्सीतल्या त्या मुलीला फोन लावला. आवाज चढवायचा, असं ठरवूनच. ती हिंदीत सुरू झाली, आडनाव दिसल्यावर मराठीत आली. अकोल्याची.

"सर, खरं सांगू का? आम्हालाबी कुणी काही कळवत नाही. मी रोज मेल टाकते त्यांना. तुमचा नंबर त्यांच्या शीटमध्ये ‘होल्ड’वर आहे, एवढंच दिसते मला."

लेखकाने विचारलं, हे काम कधीपासून करताय? तर ती स्वतः ईअँडटीसीची इंजिनिअर निघाली. कॅम्पसला कुणी आलं नाही, म्हणून इकडे. पगार थोडका, उमेदवार रुजू झाला आणि टिकला तर वर इन्सेंटिव्ह. जावाची आणि स्प्रिंगबूटची वर्षं वेगळी मागायची हे तिला वरून सांगितलेलं होतं, त्यातलं एक दुसऱ्यात मोडतं हे तिला लेखकाच्या आधीपासून माहीत होतं. चढवायचा आवाज तसाच राहिला. फोन ठेवताना ती म्हणाली, "सर, तुमच्या कंपनीत फ्रेशरची काही ओपनिंग असली तर माझा रेझ्युमे टाकाल का?"

लेखकाने टाकला. तिलाही अजून उत्तर आलेलं नाही.

कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून जाहिरातीत पगाराची रेंज छापावी लागते. आपल्याकडे करंट सीटीसी पहिल्याच फोनवर विचारतात, आणि देणार किती हे शेवटच्या फेरीपर्यंत गुपित. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर नोकऱ्या देणाऱ्यांना लेखकाची एवढीच विनंती आहे: जाहिरातीत पगार लिहा, आणि नको असलेल्या माणसाला ‘नको’ म्हणून एका ओळीत कळवा. तसं कळवायला लाज वाटत असेल, तर निदान अकोल्याच्या त्या मुलीला कळवा. ती आम्हाला सांगेल.