छपराचं बिल

मिसिसागा, नोव्हेंबर 2015. बॅकयार्डात पानांचा खच. कुंपणाच्या अलीकडे दुमजली घरातली सून, पलीकडे बैठ्या घरातल्या काकू. दोघींच्या हातात दाताळी, पण चालताहेत ती तोंडं.

“ऐकलंस का गं? जानेवारीपासून पावसाचेही पैसे घेणारेत म्हणे!”

“पावसाचे नाही हो काकू, पाणी वाहून नेण्याचे. पाण्याच्या बिलातच एक ओळ वाढेल.”

“म्हणजे पाऊस देवाचा नि बिल महापालिकेचं!”

“आजवर हा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधूनच जायचा की. आता त्याचं खातं वेगळं. पाइप, ओढे, तळी यांच्यावरच ते पैसे घालायचे. 2013 सालची आठ जुलै विसरलात?”

“विसरेन कशी! वीज गेली म्हणून मेणबत्ती शोधायला बेसमेंटात उतरले, तर गुडघाभर पाणी. आकाशकंदिलांची खोकी तरंगत होती.”

“एअरपोर्टवर त्या संध्याकाळी 126 मिलिमीटर पडला. टोरांटोत तर गो ट्रेन पाण्यात अडकली, माणसं बोटीतून काढली. कुक्सव्हिलचा ओढा 2009 सालीही असाच घरांत शिरला होता. जमीन सगळी झाकून टाकल्यावर पाण्यानं मुरायचं कुठं?”

“बरं, मला किती पडणार ते सांग.”

“छपराच्या आकाराप्रमाणे पाच गट केलेत. सगळ्यात लहान छपराला वर्षाला 50 डॉलर, मग 70, 100, 120, नि सगळ्यात मोठ्याला 170. विमानातून काढलेल्या फोटोंवरून मोजलंय.”

“अगंबाई! म्हणजे वरून माझे पापड वाळत घातलेलेही दिसले असतील!”

“पापडांना सूट नाही. आमचं 70 मध्ये बसतंय, तुमचं बहुतेक 100.”

“हा कुठला न्याय? तुमच्या घरात सहा माणसं, इथे मी नि हे, दोघंच.”

“आमचं घर उभं, तुमचं पसरलेलं. पाणी छपरावर पडतं काकू, माणसांवर नाही.”

“आणि तो कोपऱ्यावरचा? चार गाड्या लावायला पुढची सगळी हिरवळ उखडून फरशी ठोकली त्यानं. त्याला जास्त असेल ना?”

“एका पैशानंही नाही. घरांचं फक्त छप्पर मोजतात, ड्राइव्ह-वे नाही.”

“घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच्या फरशीवरचं पाणी सरळ माझ्या वाफ्यात येतं. मेथी कुजली यंदा. बरं, मी पन्हाळीखाली पिंप ठेवलंय, त्याचे तरी वजा करतील?”

“नाही. सूट दुकानं, कारखाने नि अपार्टमेंटच्या इमारतींना. पाणी अडवलं, जिरवलं तर निम्म्यापर्यंत कमी होतं.”

“मोठ्यांची चंगळ!”

“चंगळ कसली? त्यांची एकूण एक फरसबंदी मोजलीय, पार्किंगसकट. 267 चौरस मीटरला 100 डॉलर. दहा हजार चौरस मीटर डांबर असेल तर वर्षाला पावणेचार हजार. त्या गोदामवाल्यांच्या पार्किंगवरून किती पाणी गटारात जातं, हे आधी कोणी विचारत नव्हतं. प्रॉपर्टी टॅक्स जागेच्या किमतीवर. पाण्याला किमतीचं काय?”

“तेवढं मात्र बरोबर केलं. माझं बेसमेंट बुडालं तेव्हा ते पाणी काही माझ्या एकटीच्या छपरावरचं नव्हतं.”

“मग देणार ना शंभर?”

“देईन. बेसमेंटातला कार्पेट बदलला तेव्हा किती गेले ते ह्यांना विचार. पण नगरसेवकाला उद्याच फोन लावणार. म्हणावं, छपरं मोजायला विमानातून फोटो काढलेतच, तर त्यात कोपऱ्यावरच्याची फरशीही दिसली असेल. तीही मोजा!”

“माझं नाव नका हं सांगू.”

“छे गं! मी कधी कोणाचं नाव घेते?”